देवाच्या माथी

साहेबांच्या तोंडून देवाचा हवाला मी पहिल्यांदा ऐकला तो पडलेल्या इमारतीच्या चौकशीच्या सकाळी, ऑफिसच्या जिन्यात. ते वर चढत होते, मी खाली उतरत होते. त्यांच्या हातात चहाचा कागदी पेला होता. मला वाट द्यायला भिंतीशी अंग चोरत ते म्हणाले, देवाच्या मनात होतं ते झालं, मॅडम, तिथे आपण एवढंच बोलायचं. मग पेल्यावर एक फुंकर घातली आणि वर निघून गेले. मी कठडा धरून तिथेच उभी. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं मला वाटलं. एवढंच झालं. बाकी सकाळ रोजच्यासारखीच होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. पण माझ्या कानात तो शब्द बसला. देव. आमच्या साहेबांना मी नोकरीला लागल्यापासून ओळखते. पायाभरणीच्या कार्यक्रमात कुणी म्हणालं, देव करो आणि इमारत शंभर वर्षं उभी राहो, तर हे लगेच म्हणायचे, देव नाही करत हो, सिमेंट करतं. मला ते आवडायचं. मी देवभोळी नसले तरी देवावर जीव असलेली बाई आहे, आणि माझ्या देवाला सिमेंटचा राग नाही. माझा एखादा अहवाल लांबला की साहेब म्हणायचे, मॅडम, अहवाल द्या, कीर्तन नको. आम्ही दोघं हसायचो. आमचं बरं चाललं होतं. आता त्यांना देव आठवला होता, कोपऱ्यात पडलेली छत्री ढग आल्यावर आठवावी तसा.

माझं काम बांधकाम खात्यात नव्या इमारतींचे नकाशे तपासायचं. पडलेल्या इमारतीशी माझा संबंध नव्हता. पण ती पडली आणि देखभाल शाखेतल्या सगळ्यांना एकाच आठवड्यात पाठदुखी सुरू झाली. जो तो रजेवर. मग साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तुम्ही जा, बघा, आणि चौकशीत खात्याच्या वतीनं तुम्हीच बोला, तुमचं बोलणं लोकांना पटतं. मी गेले. शहराच्या टोकाला, एकमेकींकडे तोंड करून उभ्या असलेल्या खात्याच्याच दोन इमारती. मध्ये अंगण, अंगणात कपडे वाळत घालायच्या तारा. तारा होत्या, एक इमारत होती, दुसरी नव्हती. भर दुपारी ती गुडघे मोडून बसावं तशी खाली बसली होती. वरच्या मजल्यावरची माणसं वाचली, खालची गेली. ढिगाऱ्याला ओल्या चुन्याचा आणि कुणाच्या तरी घरातल्या साबणाचा वास येत होता, आणि तो साबणाचा वासच मला सहन होईना. समोरची मात्र तशीच उभी. तोच नकाशा, तोच ठेकेदार, तीच वाळू, आणि दोन्हींच्या पायाखालून गेलेली तीच फुटकी गटारवाहिनी. तिच्या तिसऱ्या मजल्यावर माझी आत्या राहते.

त्या सकाळी मी काय बोलणार यावर नक्की काय लटकलं होतं ते साधं होतं. पहिली इमारत कशानं पडली हे खात्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तरच दुसरी रिकामी करायचा हुकूम निघणार होता; नियम तसा आहे. जमिनीत पाणी मुरून खांब खचले असं म्हटलं, तर दुसरीचेही खांब त्याच पाण्यात उभे. देवाच्या मनात आलं असं म्हटलं, तर प्रश्नच मिटला. देवाच्या मनात एकदा आलं ते दुसऱ्यांदा येईल कशावरून? मग दुसऱ्या इमारतीतली माणसं रात्री तिथेच अंथरुणं घालणार, आत्याही घालणार.

आत्याला मी आधीच जाऊन सांगून आले होते. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून डाळ निवडत होती. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती बोटांनी निवडते, आणि खडा सापडला की ताटलीत टाकताना तो मुद्दाम वाजवते, म्हणजे समोरच्याला कळावं. मी म्हटलं, आत्या, माझ्याकडे चल. तिनं खडा वाजवला. म्हणाली, तुझ्याकडच्या उशा उंच आहेत. मी म्हटलं, उशा बदलू. ती म्हणाली, समोरची पडली, ही उभी राहिली, यातून काय समजायचं ते समज की बये, एवढी शिकलीस ती कशाला. देव तारी त्याला कोण मारी. या वाक्यापुढे माझं काही चालेना, कारण ते वाक्य माझंही आहे. लहानपणी ताप आला की याच आत्याच्या मांडीवर मी ते ऐकलं आहे, आणि ते ऐकत मी बरी झाले आहे. पण त्या दिवशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फळीच्या खाली, मला एक तिरपी चीर दिसत होती, तिच्यात आत्यानं कापूस भरला होता, मुंग्या येऊ नयेत म्हणून. मुंग्यांची काळजी होती तिला. मी खाली उतरले आणि राखणदार मामांना शोधलं.

मामा दोन्ही इमारतींचे राखणदार. जिन्याखाली त्यांची खोली, तिच्यात झाडू, कुलपं, सुतळीचे गुंडे, सगळं जागच्या जागी. त्यांच्यासारखा नीटनेटका माणूस आमच्या खात्यात दुसरा नसेल. त्यांनी मला तळमजल्याचे खांब दाखवले आणि खांबावरच्या काचपट्ट्या. भिंतीला चीर गेली की आम्ही तिच्यावर आडवी एक पातळ काच चिकटवतो. भिंत गप्प राहिली तर काच गप्प राहते. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच तडकते. बाकी यंत्रं बिघडतात, माणसं विसरतात, ही बिचारी फुटण्यासाठीच लावलेली असते. फुटणं हेच तिचं बोलणं. खांबावरच्या सगळ्या काचा धड होत्या. नुसत्या धड नव्हे, लखलखीत होत्या, कडेला चिकटवणीचा ओलसर पिवळा ओघळ. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला त्या नव्या काचा बघून धडकी भरली. मी विचारलं, मामा, या कधी लावल्यात? ते म्हणाले, परवाच की. मी विचारलं, आणि आधीच्या? आधीच्या फुटल्या, बदलल्या. कितीदा? मामांनी खांदे उडवले, जसं अंगण कितीदा झाडलं असं मी विचारत होते. मग ते जे बोलले ते मी विसरणार नाही, कारण ते फार प्रेमानं बोलले.

"फुटली की लगेच बदलायची, ताई, हुकूमच आहे तसा. समोरच्या इमारतीतही कधी कसूर केली नाही मी. तुमची माणसं तपासायला आली आणि त्यांना फुटकी काच दिसली, असं एकदाही होऊ दिलं नाही."

मी तिथेच त्यांच्या स्टुलावर बसले. मामांनी पाणी आणलं. हुकूम कुठून आला ते पाणी पिताना त्यांच्याकडूनच कळलं. पूर्वी कधीतरी कुणी मोठे पाहुणे इमारत बघायला आले होते. त्यांना दोन-चार तडकलेल्या काचा दिसल्या आणि ते सगळ्यांसमोर बोलले की ही कसली देखभाल, साध्या काचा बदलता येत नाहीत तुम्हाला. साहेबांची मान खाली गेली. दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला: तडकलेली काच ताबडतोब बदलावी. झालं. तेव्हापासून तपासनीस यायचे, धड काच बघायचे, भिंत स्थिर असं नोंदवून जायचे. आणि मी विचार करकरून थकले तरी त्यात मला खोटं बोललेला माणूस सापडेना. मामांनी हुकूम पाळला. तपासनिसांनी दिसलं ते लिहिलं. साहेबांनी टापटीप राखली. भिंत मात्र ओरडत होती, आणि आम्ही दर वेळी तिच्या तोंडावरून हात फिरवून तिला चांगली दिसतेस म्हणत होतो.

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. त्यांना हुकूम आठवत नव्हता, मग आठवला, मग चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. पण माणूस अधिकारी आहे. म्हणाले, राखणदाराला निलंबित करू. मी म्हटलं, मामांचा यात कणभर दोष नाही, त्यांच्या केसालाही धक्का लावू नका. त्या जिन्यातल्या वाक्यामागे माझं हे बोलणं होतं, हे मला चौकशीला जाताना गाडीत कळलं. साहेब शेजारी बसले होते. खिडकीतून दुकानांच्या पाट्या, शाळेचं फाटक, रंगकाम चाललेला पूल असं सगळं मागे सरकत होतं आणि ते समजावणीच्या सुरात बोलत होते. तुम्हीच म्हणालात मामाला सोडा, सोडलं. मग राहिलं कोण? मी राहिलो, खातं राहिलं, तुम्ही पण खात्यातच आहात. मयतांच्या घरच्यांना आपण मदत देतोच आहोत, हात आखडता घेत नाही. दुसरी इमारत हळूहळू दुरुस्त करू, गाजावाजा न करता. आणि देवाचं नाव घेतलं तर त्यात कुणाचं काय जातं, तुमचा तर विश्वास आहे ना त्याच्यावर? हे शेवटचं ते खरोखर प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांना वाटत होतं, ते मला काहीतरी देत आहेत.

मला वडील दिसत होते. माझे वडील गाऊन निरूपण करायचे. आठवड्याची सुट्टी असली की लोक जमायचे, झांज वाजायची, वडील कथा सांगता सांगता गाणं धरायचे आणि गाता गाता कथेत उतरायचे, आणि मी पुढच्या रांगेत त्यांच्या पावलांकडे बघत बसायचे, कारण चेहऱ्याकडे बघितलं की मला रडू यायचं. त्यांच्या एका कथेत एक माणूस घर बांधतो. पाया घालताना काटकसर करतो, देव्हारा मात्र कोरीव करतो. घर कलतं. माणूस म्हणतो, देवा, धर. आणि इथे वडील गाणं थांबवायचे. उपरण्यानं तोंड पुसायचे, खोकायचे, इकडे तिकडे बघायचे, जणू पुढचं विसरले. सगळी सभा श्वास धरून. मग हलक्या आवाजात, गद्यात, देवाच्या वतीनं म्हणायचे, तुझा हात धरतो रे बाबा, भिंत धरायला तुलाच हात दिलेत ना. हशा व्हायचा आणि त्या हशाच्या पाठीवर झांज पडायची. घरी आल्यावर आई म्हणायची, देवाकडून फार बोलता हो तुम्ही. वडील म्हणायचे, अगं, लोक आपला चोरीचा माल नेऊन त्याच्या घरात लपवतात, कुणीतरी त्याची बाजू घ्यायला नको? गाडीत मला ते वाक्य आठवलं असं म्हणणं खरं नाही. ते मी कधी विसरलेच नव्हते. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की देवाची बाजू घ्यायची पाळी खरोखरच येते, आणि ती एखाद्या साध्या कामाच्या दिवशी येते. मनातलं घोंगावणं थांबलं. उलट भूक लागली. मी पिशवीतून बिस्किटं काढली, साहेबांनाही दिली, त्यांनीही घेतली.

चौकशी एका जुन्या सभागृहात होती. पंखे फिरत होते पण वारा कुणाच्याच वाट्याला येत नव्हता. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश बाई, सर्दी झालेली, नाकाला रुमाल. त्यामुळे त्या सारख्या रागावलेल्या वाटत. खुर्च्यांवर पडलेल्या इमारतीतली माणसं, आणि मागे भिंतीला टेकून दुसऱ्या इमारतीतली. ती बसली नव्हती, जणू बसलं तर आपणही या यादीत येऊ. साहेब आधी बोलले. चांगलं बोलतात ते. पाऊस, जमीन, निसर्ग, आणि शेवटी आवाज खाली आणून देवाची इच्छा. एक-दोन म्हाताऱ्यांनी सवयीनं हात जोडले. मग दुसऱ्या रांगेतली एक शिंपीण उठली. तळमजल्यावर तिचं आणि नवऱ्याचं मशीन होतं; ती दोरा आणायला गेली होती म्हणून वाचली. तिच्या गळ्यात अजून मोजपट्टी होती, तशीच आली असेल कामावरून. ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं विचारलं,

"साहेब, देवाला माझ्या नवऱ्याशी काय वैर होतं, तेवढं सांगा. मी रोज त्याच्यापुढे दिवा लावते. आता लावू का नको, ते मला ठरवायचंय."

अध्यक्षबाईंनी रुमाल खाली ठेवला. आणि मला समजलं की आम्ही खात्यानं या बाईचं काय काय घेतलं. घर घेतलं, माणूस घेतला, आणि आता तिच्या घरातला उरलेला एक सोबती होता, त्यालाही खुनी ठरवून तिच्यापासून तोडत होतो. आमची एक काचपट्टी झाकायला. मला पुकारा झाला नव्हता, तरी मी उठले.

काचेचं मी सगळं सांगितलं. घाई केली नाही. काच कशासाठी लावतात, ती फुटली की काय समजायचं, आणि आमच्या खात्यानं ती फुटल्यावर काय केलं. मागे भिंतीशी उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांनी मामांना काचा बदलताना वरचेवर पाहिलं होतं, कुणी त्यांना चिकटवणी दिली होती, कुणी स्टूल. मामा स्वतः दाराशी उभे होते. त्यांच्या डोळ्यांत कळत जाताना मला दिसलं, आणि तेवढं एक बघवलं नाही. म्हणून मी त्यांच्याकडे बघत पुढचं बोलले, की ज्याला फुटकी काच बदलायला सांगितली त्यानं ती बदलली, ज्यानं सांगितलं त्याला ती काच कशासाठी आहे हे माहीत असायला हवं होतं, कारण ते माहीत असण्याचाच त्याला पगार आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं, मग जबाबदार कोण?

मी थांबले. तोंड पुसायला माझ्याकडे उपरणं नव्हतं, पण थांबायचं कसं ते मला येतं. पंख्यांचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबले.

"आमचं खातं," मी म्हटलं. "मामा नाहीत. आणि देव तर नाहीच. त्याला यातून मोकळा करा."

त्या म्हणाल्या, हे तुम्ही खात्याच्या वतीनं बोलताय का स्वतःच्या? मी म्हटलं, खात्यानंच मला पाठवलंय, बाई, खात्याच्याच वतीनं. मागे कुणीतरी हसलं. मग त्या साहेबांकडे वळल्या आणि असा हुकूम होता का म्हणून विचारलं. साहेब खाली बुटांकडे बघत होते. नाही म्हणाले असते तर पुढे वर्षभर ते नाही खरं का खोटं हेच चाललं असतं, आणि तेवढ्या काळात दुसऱ्या इमारतीच्या काचा किती फुटल्या असत्या कोण जाणे. मला वाटतं ते शिंपिणीकडे बघायचं टाळत होते, आणि नेमकी तीच उभी होती, उत्तर मिळाल्याशिवाय बसायचं नाही अशी. साहेब म्हणाले, हुकूम माझाच होता. एवढंच. मग म्हणाले, मला वाटलं फुटक्या काचा वाईट दिसतात. शिंपीण बसली. दुसरी इमारत त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत रिकामी करायचा आदेश अध्यक्षबाईंनी तिथेच लिहवून घेतला, आणि शिंकल्या.

परतताना साहेब गाडीत बसले नाहीत. चालत येतो म्हणाले. खिडकीशी येऊन उभे राहिले, काहीतरी बोलायचं होतं. मग म्हणाले, तुमच्या आत्याला सामान उतरवायला माणसं लागतील, दोन पाठवतो. मी हो म्हटलं. त्यांची नोकरी राहील का जाईल ते मला ठाऊक नाही, माझीही. पण त्या वेळी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते प्रेमाच्याच जातीचं काहीतरी होतं. खोटं न बोलण्याची ताकद नेमक्या वेळेला कुणाच्या अंगात कुठून येते, हे मी वडिलांची इतकी निरूपणं ऐकूनही सांगू शकणार नाही.

मी पोचले तेव्हा अंगण खाटा, पातेली, गुंडाळलेल्या गाद्या यांनी भरलं होतं. ढिगाऱ्याकडे पाठ करून लोक आपापल्या सामानावर बसले होते, आणि लग्नघरात असते तशी विनाकारण चिडचिड चालली होती. आत्या मात्र वर. साहेबांची दोन माणसं दारात उभी, आणि ती त्यांना आत येऊ देत नव्हती. चपला काढा म्हणाली, त्यांनी काढल्या. मग हात धुवा म्हणाली. मी तिच्यापुढे उभी राहिले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, कारण तिला दिसत नाही, पण ती ऐकत होती, माझा श्वास लागलेला. मी म्हटलं, आत्या, निघायचं. ती म्हणाली, देवानं मला एकदा राखली. मी म्हटलं, हो, राखली, आणि आता मला पाठवलंय, मला तरी परत पाठवू नकोस. तिनं फळीवरची बरणी उचलली, झाकण घट्ट आहे का पिळून बघितलं, माझ्या हातात दिली. मग कोपऱ्याकडे गेली आणि चिरेतला कापूस बोटानं चाचपला. कापूस सैल होता. परवा घट्ट बसवला होता गं, म्हणाली, आणि बोट तसंच चिरेत ठेवून थोडा वेळ उभी राहिली. त्यानंतर तिनं त्या माणसांना हात धुवायला सांगितलं नाही.

जिना उतरताना ती एका हातानं कठडा धरत होती आणि दुसऱ्या हातानं मला, आणि दर वळणावर थांबून कुणाच्या दारासमोर आलो ते न बघता सांगत होती. इथे मास्तरीण. इथे ती दोघं भांडणारी. सगळी दारं उघडी होती, आतून आवाज नव्हता. तळमजल्याशी आलो तेव्हा खांबावरची काच मला दिसली, तडकलेली. मी आत्याला काही सांगितलं नाही, पण माझी पकड आपोआप घट्ट झाली असणार.

"पडणार म्हणतेस," ती म्हणाली. "कधी?"

"माहीत नाही, आत्या."

"आणि नाहीच पडली तर? एवढ्या लोकांना उगाच बाहेर काढलंस म्हणतील सगळे."

"म्हणू देत. तू पण म्हण."

"मी तर म्हणणारच," आत्या म्हणाली. "रोज म्हणणार. जेवताना म्हणणार." आणि कठडा सोडून, दोन्ही हातांनी माझा दंड धरून, ती शेवटची पायरी उतरली.